चू. भू. द्या. घ्या.

जुन्या पेढीवरची एखादी पावती तुमच्या घरच्या ट्रंकेत अजून पडलेली असेल तर ती काढून तिच्या तळाशी पाहा. वर मालाची यादी, दर, एकूण बेरीज, दिवाणजींची वळणदार सही. आणि या सगळ्याच्या खाली चारच अक्षरे : चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. हिशेब आम्ही केला आहे खरा, पण करणारा माणूसच आहे. तुम्हांला कमी मिळाले असेल तर हक्काने मागून घ्या, जास्त आले असेल तर आणून द्या, आणि त्यावरून आपल्यांत वितुष्ट नको. एवढा मोठा करार त्या चार अक्षरांत मावत असे.

आता यंत्रातून सुळकन बाहेर येणाऱ्या कितीतरी पावत्यांवर ही अक्षरे दिसत नाहीत. यंत्र चुकत नाही, असा आपला समज झाला आहे. यंत्र चुकत नसेलही. पण त्याची बटणे दाबणारा मुलगा सकाळपासून उभा असतो, त्याचे पाय दुखत असतात आणि काउंटरपाशी दहा जण ‘लवकर आटपा हो’ म्हणून ओरडत असतात. तेव्हा चूक व्हायची ती होतेच. फक्त ती कशी निस्तरावी हे सांगणारी ओळ गेली.

दिवाळी हा हिशेबाचाही सण. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजल्या जातात, पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडते. कल्याणसारख्या गावाला तर हे नवे नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. म्हणजे इथल्या बाजारपेठेत देण्याघेण्याचे गणित जवळजवळ दोन हजार वर्षे चालू आहे. तेव्हा या मुहूर्तावर त्या चार अक्षरांचा थोडा विचार करावा असे मनात आले. त्यांत क्रियापदे दोन आहेत, आणि आधी येते ते ‘द्यावी’. आपण मात्र बहुतेक वेळा फक्त दुसरे पाठ केलेले असते.

तुमच्याआमच्यासारख्या घरांतली बिल तपासण्याची तऱ्हा आठवून पाहा. बेरीज अंदाजापेक्षा जास्त निघाली की चष्मा पुसला जातो, पेन्सिल येते, एकेक रकमेवर बोट ठेवून फेरतपासणी होते. तीच बेरीज अंदाजापेक्षा कमी निघाली की, ‘या वेळी स्वस्तच पडलं की!’ म्हणून बिल घडी घालून ठेवले जाते. आपण लबाड असतो असे नाही. आपल्याला तपासावेसेच वाटत नाही. आपल्या विरुद्धची चूक चटकन डोळ्यांत खुपते, आणि फायद्याची चूक नशिबाचे नाव घेऊन घरात येते.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तळमजल्यावर एक वहिनी राहतात. दिवाळीच्या फराळाचे सामान त्यांनी नेहमीच्या दुकानातून घरपोच मागवले होते. रवा, बेसन, पातळ पोहे, डाळं, पिठीसाखर आणि तूप. सामान लावताना पाहतात तो तुपाचे डबे दोन, आणि बिलात लागलेला एकच. साडेसहाशे रुपयांचा मामला. मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो, त्यामुळे पुढची सगळी चर्चा ऐकण्याचा योग आला.

त्यांचा मुलगा कॉलेजात वाणिज्य शाखेत शिकतो. तो म्हणाला, “आई, आपण काही उचलून आणलं नाहीये. त्यांनी पाठवलं, आपण ठेवून घेतलं.”

वहिनींना ते पुरते पटले नव्हते, पण पटवून घ्यायची तयारी होती. “तुम्हीच सांगा भावोजी,” त्या म्हणाल्या. “वर्षभर तो मेला वजनात मारतो. एखाद्या दिवाळीला देवाने भरपाई केली म्हणायची.”

आजी कोपऱ्यात पोहे चाळत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, “माल कोण काढून देतं गं तिथे?”

“तो नवा पोरगा आहे ना, मुरबाडकडचा.”

“तोच ना, माल कमी भरला की पगारातून कापतात म्हणून परवा जिन्यात सांगत होता?”

“हो, तोच.”

“मग देवाने भरपाई त्याच्या पगारातून केली म्हणायची का?”

घरात थोडा वेळ पोह्यांची चाळणीच तेवढी वाजत राहिली. मग वहिनींनी पिशवी उचलली. मलाही कोपऱ्यावरून साबण आणायचा होता, म्हणून मी बरोबर निघालो. दुकानदाराने ऐकून घेतले. आभारबिभार मानले नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कालच्या तारखेच्या चौकोनात त्या पोराच्या नावापुढे पेन्सिलीने काहीतरी आकडा लिहिलेला होता, तो त्याने अंगठ्याने पुसला, पैसे गल्ल्यात टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पोरगा त्या वेळी आत गोणी रचत होता. आपल्या पगारातले साडेसहाशे रुपये आले आणि गेले, याची त्याला बहुधा अजून कल्पना नसेल.

आजींनी ज्या जागी बोट ठेवले ती या विषयाची खरी मेख आहे. चुकीने नवा पैसा तयार होत नाही. ती पैसा एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालते, आणि ज्याच्या खिशातून जातो तो सहसा दुकानाचा मालक नसतो. तिकीटखिडकीमागच्या कारकुनाला दिवसअखेर रोकड जुळवून द्यावी लागते. कमी भरली तर ती त्याने भरायची. एसटीच्या वाहकाचे तेच, बँकेच्या रोखपालाचे तेच. ठाण्याला १८५३ साली आगगाडी आली, तेव्हापासून या खिडक्यांशी सुट्या पैशांवरून किती वाद झाले असतील! पण खिडकीतून पन्नास रुपये जास्त आले म्हणून आपण गाडी पकडायला धावतो, तेव्हा ते पन्नास रुपये रेल्वेचे नसतात. संध्याकाळी जो माणूस तीच बेरीज चार वेळा करत बसणार आहे, त्याचे ते असतात.

यावर नेहमीची तीन उत्तरे आहेत. पहिले : चूक त्यांची, मग आम्ही का सोसायचे? आपल्याला काही सोसायचेच नसते. जे आपले नव्हते ते परत करायचे असते. दुसरे : ते तरी कुठे आपल्याला सोडतात? वजनात मारले असेल तर त्याचे भांडण स्वतंत्र करावे, आणि जोरात करावे; काटा तपासून मागावा. पण एका खात्यातली वसुली दुसऱ्याच माणसाच्या खात्यातून करण्याला हिशेब म्हणत नाहीत. तिसरे : एवढ्याशासाठी परत कोण जाणार? हे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ते खरे आहे. आळस हाच पुष्कळदा अप्रामाणिकपणाचा सख्खा भाऊ असतो. पण तेवढेच पैसे आपल्याला कमी आले असते तर बनियनवर सदरा अडकवून भर दुपारी आपण गेलो असतो की नाही, एवढेच ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

‘माणसाचे ठीक आहे हो, पण बँकेचे काय जाते?’ असाही एक प्रश्न असतो. २०२१ साली पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात अचानक १५ लाख रुपये जमा झाले. सरकारनेच दिले असे समजून त्याने त्यांतले सुमारे ९ लाख काढून घर बांधले. काही महिन्यांनी बँकेला उलगडा झाला : पैसे एका ग्रामपंचायतीच्या विकासनिधीचे होते आणि चुकून त्याच्या खात्यात गेले होते. मग परतीची नोटीस आली. त्या शेतकऱ्याला हसणे सोपे आहे, मला ते जमत नाही; त्याला खरेच तसे वाटले असेल. पण ‘बँकेचे’ म्हणून जे पैसे वाटत होते ते निघाले एका गावाच्या कामांचे, आणि घर बांधून झाल्यावर परतफेडीचा डोंगर उभा राहिला तो त्याच्याच दारात.

मोठ्यांची गोष्ट याहून मोठी. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या वतीने सावकारांना ७८ लाख डॉलरच्या आसपास व्याज पाठवायचे होते. संगणकाच्या पडद्यावर भरायच्या चौकटी नीट भरल्या गेल्या नाहीत आणि गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर. व्यवहार तीन माणसांनी तपासून मंजूर केला होता. काही सावकारांनी पैसे परत केले. सुमारे ५० कोटी डॉलर मात्र बाकीच्यांनी धरून ठेवले. आमचे येणे होतेच, ते आले, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. मोठमोठे वकील दोन वर्षे ज्यावर झगडले तो मुद्दा आमच्या आजींनी पोहे चाळता चाळता सोडवला होता.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत अगदी सरळ आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते की ज्याला चुकीने पैसे दिले गेले किंवा वस्तू दिली गेली, त्याने ती परत केली पाहिजे. चूक कोणाची, याने देणे बुडत नाही. आणि हा नियम फक्त लहानांना नाही. सरकारने कायद्याच्या चुकीच्या समजुतीने घेतलेला विक्रीकरही याच कलमाखाली परत मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली बनारसच्या एका व्यापारी पेढीच्या खटल्यात सांगितले. तेव्हा ‘त्यांनी पाठवलं, आपण ठेवून घेतलं’ हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तरी म्हणू नये. करार कायदा त्याला अभ्यासाला असतोच.

पण कायदा माणसाकडून भलती अपेक्षाही करत नाही. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ४०३ मध्ये (हा विषय आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेच्या कलम ३१४ मध्ये आला आहे) दोन उदाहरणे होती. हमरस्त्यावर एकाला एक रुपया सापडतो, कोणाचा ते ठाऊक नाही, तो उचलतो. हा गुन्हा नाही. दुसऱ्याला मात्र समोरच्या माणसाचे पैशाचे पाकीट पडताना दिसते. परत द्यायचे म्हणून तो उचलतो आणि मग विचार बदलून स्वतःच वापरतो. हा गुन्हा. रुपया थोडा आणि पाकिटात जास्त, एवढाच फरक यांत नाही. पहिल्याला धनी माहीत नाही, दुसऱ्याला माहीत आहे. सापडलेल्या आठ आण्यांसाठी गावभर दवंडी पिटा असे कोणी म्हणत नाही. धनी माहीत असताना नजर चुकवू नका, इतकेच.

आणि लोक वाटतात तितके नजर चुकवणारे नसतात. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७ हजारांहून अधिक पाकिटे ‘सापडली’ म्हणून बँका, टपालकचेऱ्या, हॉटेले अशा ठिकाणच्या माणसांच्या हवाली केली. काहींत पैसे, काहींत नाहीत. सगळ्यांत मालकाचा पत्ता लागेल असे कार्ड, वाण्याच्या सामानाची यादी आणि एक किल्ली. जास्त पैशांची पाकिटे कमी परत येतील, असा पंडितांचाही अंदाज होता. झाले उलटेच. बिनपैशांच्या पाकिटांबद्दल शेकडा ४० जणांनी मालकाला कळवले, पैसे असलेल्यांबद्दल शेकडा ५१ जणांनी. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तर कळवणारे शेकडा ७२ झाले. काही पाकिटांतून किल्ली काढून घेतली, तेव्हा कळवणारे कमी झाले. किल्लीचा सापडणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो. ती फक्त मालकाच्या उपयोगाची. किल्ली दिसली की पाकिटामागे बंद दाराशी उभा राहिलेला कोणी माणूस दिसतो, आणि तो दिसला की हात आवरतो. आजींनी दुसरे काय केले? तुपाच्या डब्यामागे उभा असलेला पोरगा तेवढा दाखवला.

आपल्या ठाण्या-डोंबिवलीत रिक्षावाल्याने विसरलेली पिशवी परत केल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. आपण त्या वाचून ‘अजून माणुसकी आहे’ म्हणतो. मला त्या ‘अजून’ची थोडी लाज वाटते. मीटरप्रमाणे पैसे मागितले तरी घासाघीस करणारे आपण, त्याच्याकडून किती सहज इतक्या उंचीची अपेक्षा करतो!

नव्या काळात या चुकांना नवी रूपे आली आहेत. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ठाण्याला नौपाड्यात राहतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी जांभळी नाक्यावर रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका बाईंकडून झेंडू आणि आंब्याचे डहाळे घेतले. एकशे साठ रुपये झाले. मोबाईलवरून पैसे पाठवले; पडद्यावर चक्र फिरत राहिले. बाईंचे यंत्र गप्प. मागे गर्दी. शेवटी बाईच म्हणाल्या, “जावा दादा, येतील. तुम्ही काय माझे बुडवणार हायसा?” संध्याकाळी बँकेचा निरोप आला : व्यवहार पूर्ण झाला नाही, रक्कम तुमच्या खात्यात परत जमा. दसऱ्याला सकाळी घरची गडबड, म्हणून हे दुसऱ्या दिवशी गेले. जागा मोकळी! त्या बाई सणापुरत्या खेड्यावरून येणाऱ्या. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. शेजारचा लिंबूवाला म्हणाला, “दिवाळीला येतील बघा, आल्या तर.”

त्या गृहस्थांनी एकशे साठ रुपये पाकिटात घालून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवले आहेत. मला म्हणाले, “रक्कम लहान आहे हो. पण ती ज्या विश्वासाने म्हणाली ना, त्याचं काय करू?” एक गोष्ट त्यांनी मला पक्की शिकवली. अशी देणी त्याच वेळी फेडावी लागतात. नंतर पैसे असतात, मनही असते. घेणारा सापडत नाही.

मात्र याच मोबाईलने प्रामाणिक माणसासाठी एक सापळाही मांडून ठेवला आहे, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन शब्द सांगणे भाग आहे. ‘तुमच्या खात्यात चुकून माझे पैसे आले, लगेच परत पाठवा’ असा अनोळखी माणसाचा फोन आला तर गहिवरून जाऊ नका. आधी आपले खाते पाहा. निरोप खोटा असू शकतो, खात्यातली नोंद तेवढी खरी. त्याने पाठवलेल्या दुव्याला बोट लावू नका. पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागत नाही, हे तर घोकूनच ठेवा. पैसे खरोखरच आले असतील तर ते खर्च न करता आपल्या बँकेला कळवा आणि बँकेमार्फतच परत जाऊ द्या. कोणाची लुबाडलेली रक्कम तुमच्या हातून तिसऱ्याकडे जाऊ नये म्हणून हे जरूर आहे. फोनवरचा माणूस धमकावू लागला तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. प्रामाणिकपणाने भोळे असलेच पाहिजे असा कुठे नियम नाही. जुने दिवाणजी सचोटीचे होते, पण नाणे वाजवून घेत.

आपल्या घरांतून एक चांगली रीत आहे. लक्ष्मीपूजनाच्या आधी उधारी चुकवायची. वाण्याचे, दूधवाल्याचे, इस्त्रीवाल्याचे, पेपरवाल्याचे. कोणाचे देणे अंगावर ठेवून नव्या वर्षात पाऊल टाकू नये, असे आमची आई म्हणत असे. या देण्यांची आठवण करून द्यायला माणसे आहेत. त्यांच्या वह्यांत आपली नावे असतात, आणि विसरलो तर ते दार वाजवतात. पण ज्या देण्याची नोंद कोणाच्याच वहीत नाही, त्याचा तगादा कोण करणार? वाण्याला ठाऊक नाही, कारकुनाला ठाऊक नाही, फुलवालीला तर नाहीच नाही. ते फक्त आपल्याला ठाऊक असते. घरातली मुले आपल्याकडे पाहत असतील, तर त्यांनाही.

तेव्हा यंदा उधारी चुकवायला बाहेर पडाल, तेव्हा असे एखादे देणे आठवते का पाहा. आठवले तर चकलीची सोऱ्या धुण्याआधी जाऊन या. तो माणूस अजून तिथेच आहे तोवर.